उन्हाळी हंगाम : लंडनचा आणि नारायणगावचा

गुढीपाडव्याच्या सुमारास जुन्नर तालुक्यातील नारायणगावात दोन बाजार भरलेले असतात. एक नेहमीचा, शेतमालाचा. दुसरा वर्षातून एकदाच भरतो आणि त्यात विकला जातो तो खेळ. तमाशाच्या फडांच्या राहुट्या रांगेने उभ्या राहतात. दारावर फडाच्या नावाचा फलक, आत गादी, वही आणि पंचांग. पुणे, नगर, नाशिक, सातारा अशा जिल्ह्यांतील गावोगावच्या यात्रा कमिट्यांची मंडळी जीपगाड्यांतून येतात, दोन-चार राहुट्या फिरतात, घासाघीस करतात आणि अखेर कुठेतरी विसार देऊन सुपारी पक्की करतात. ग्रामदैवताची तिथी हलवता येत नाही. त्यामुळे चैत्रातील अष्टमी किंवा पौर्णिमेसारख्या एकाच तिथीवर अनेक गावांचा डोळा असतो आणि त्या रात्रीचा भाव लाखाच्या कितीतरी पुढे जातो. आडवारी मात्र तोच फड बऱ्याच कमी पैशांत मिळतो.

हा उन्हाळी हंगाम जेमतेम दीड-दोन महिन्यांचा असतो. पण त्यावर वर्षाचा सारा हिशेब अवलंबून असतो. दसऱ्याला फड बाहेर पडतात ते कनात आणि तिकीट घेऊन. हिवाळ्यातील या दौऱ्यात पुष्कळदा डिझेलचा खर्चही निघत नाही. मोठ्या फडात नर्तकी, सोंगाडे, ढोलकीवाले, हलगीवाले, वगातील नट, आचारी, वाहनचालक आणि तंबू ठोकणारे मिळून शंभराच्या आसपास माणसे असतात. त्यांना हंगामाआधी उचल द्यावी लागते. ती उचल फडमालक व्याजाने काढतो आणि यात्रांच्या सुपाऱ्यांतून फेडतो. चैत्र-वैशाख बरा गेला तर कर्ज फिटते. नाही गेला तर पुढच्या दसऱ्याला सावकार तोच आणि व्याज मात्र वाढलेले, अशी अवस्था होते.

उन्हाळी संगीत महोत्सव म्हटले की शहरी वाचकाला नारायणगाव आठवणार नाही, लंडनच्या ‘प्रॉम्स’ मैफली आठवतील. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये जवळजवळ रोज एक वाद्यवृंद वाजवतो. प्रत्येक मैफल बीबीसी रेडिओवरून थेट ऐकवली जाते, अनेक मैफली दूरचित्रवाणीवर दाखवल्या जातात आणि सभागृहात उभे राहून ऐकणाऱ्यांसाठी स्वस्तातील तिकिटे असतात. दोन्हींची तुलना विचित्र वाटेल. बीथोवेन कुठे आणि ढोलकी कुठे, असेही कोणी म्हणेल. कोणती कला श्रेष्ठ, हा येथे प्रश्नच नाही. एक हंगाम टिकला आणि दुसरा दर वर्षी कर्जाच्या काठावर उभा असतो, त्याचे कारण काय, एवढाच प्रश्न आहे.

प्रॉम्सचा प्रारंभ आजच्या दिमाखाला शोभेल असा नव्हता. १० ऑगस्ट १८९५ रोजी क्वीन्स हॉलमध्ये पहिली मैफल झाली. रॉबर्ट न्यूमन हे व्यवस्थापक आणि हेन्री वुड हे तरुण संचालक. उभ्याने ऐकायचे तिकीट एक शिलिंग होते. श्रोत्यांना खाण्यापिण्याची, एवढेच काय, धूम्रपानाचीही मुभा होती. गाणे चालू असताना काड्या ओढू नयेत, एवढीच विनंती. पहिल्या हंगामाला पैसा दिला तो जॉर्ज कॅथकार्ट या घशाच्या डॉक्टरांनी. वाद्यांचा स्वर थोडा खाली आणावा म्हणजे गायकांच्या घशावर ताण पडणार नाही, ही त्यांची अट होती. (आमच्या फडांना असा घशाची काळजी वाहणारा सावकार अजून भेटायचा आहे.) पुढे १९०२ मध्ये न्यूमन यांचे दिवाळे निघाले. मग एडगर स्पेयर या बँकवाल्याने हंगाम उचलला. पहिल्या महायुद्धात जर्मन वंशाच्या स्पेयरला इंग्लंड सोडावे लागले, तेव्हा चॅपेल या संगीत प्रकाशकांनी तो पुढे चालवला आणि अखेर त्यांनीही हात वर केले. म्हणजे पहिली तीस वर्षे लंडनचा हंगामही कोणा ना कोणा धनकोच्या मर्जीवरच चालला होता.

त्यातून तो सुटला १९२७ मध्ये. त्या वर्षी बीबीसीने त्याचे यजमानपद घेतले. श्रोत्यांकडून परवाना शुल्क घेणाऱ्या या संस्थेला रोज संध्याकाळी काहीतरी चांगले ऐकवायचेच होते आणि हंगामाला हमीचा पैसा हवा होता. दोघांची गरज जुळली. १९४१ मध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यात क्वीन्स हॉल जळाला, तेव्हा मैफली अल्बर्ट हॉलमध्ये गेल्या. १९४७ मध्ये अखेरच्या रात्रीचा कार्यक्रम दूरचित्रवाणीवर दिसला. घरबसल्या पाहायला मिळते म्हणून सभागृहातील गर्दी आटली नाही, हे विशेष ध्यानात घ्यायला हवे. उलट, पडद्यावर पाहिलेली गोष्ट एकदा प्रत्यक्ष पाहावी म्हणून माणसे येत राहिली.

आपल्याकडे अशी कल्पना कोणाला सुचलीच नाही, असे नाही. १९५२ ते १९६२ या काळात माहिती व नभोवाणी खाते सांभाळणारे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनी आकाशवाणीवरून चित्रपटगीते हद्दपार केली म्हणून त्यांची चेष्टा झाली, आणि ती रास्तच होती. परंतु त्यांच्याच कारकिर्दीत १९५४ मध्ये आकाशवाणी संगीत संमेलन सुरू झाले. निमंत्रित श्रोत्यांसमोर मैफली व्हायच्या आणि त्या देशभर ऐकवायच्या, ही त्यामागची योजना होती. प्रसारण संस्थेने हंगामाचे यजमान व्हावे, हा विचार भारतात त्या वेळीच रुजला होता. फक्त त्याचे कुंपण शास्त्रीय संगीतापाशी संपत होते. लोककलांच्या वाट्याला आला तो लोकसंगीताचा ठरावीक वेळ, त्यात एखादी गवळण, एखादी लावणी. रात्रभर चालणारा वग त्या चौकटीत बसणे शक्यच नव्हते.

जुन्नर तालुक्याच्या बाबतीत यात एक वेगळाच विरोधाभास आहे. नारायणगावापासून काही किलोमीटरवरील आर्वी येथे १९७१ मध्ये ‘विक्रम’ हे उपग्रह भूकेंद्र सुरू झाले. भारताचे परदेशांशी उपग्रहाद्वारे होणारे दळणवळण तेथील प्रचंड थाळीतून सुरू झाले. दुसऱ्या अंगाला खोडदच्या शिवारात पुढे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण उभी राहिली. ती आजही कोट्यवधी प्रकाशवर्षांवरील क्षीण संदेश टिपते. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. अवकाशातील कुजबुज ऐकणारी यंत्रणा ज्या तालुक्यात, त्याच तालुक्यातील हलगीचा आवाज छोट्या पडद्यापर्यंत पोहोचायला मात्र अंतर फार पडले.

तमाशा पडद्यावर आलाच नाही, असे म्हणणे अर्थातच चूक ठरेल. तो ‘सांगत्ये ऐका’मधून आला, ‘पिंजरा’मधून आला, ‘नटरंग’मधून आला. शहरी रंगभूमीने ‘विच्छा माझी पुरी करा’ हे लोकनाट्य डोक्यावर घेतले. पुढे ई टीव्ही मराठीने आणि त्याच वाहिनीच्या ‘कलर्स मराठी’ या नव्या अवताराने ‘ढोलकीच्या तालावर’मधून लावणी घरोघर नेली. पण यांपैकी चित्रपटांनी तमाशाची गोष्ट सांगितली, तर वाहिन्यांनी त्याचा एक तुकडा उचलला. तमाशा म्हणजे गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि मग वग. यातील तीन-चार मिनिटांची लावणी जाहिरातींच्या मधे बसते. परीक्षकांना तिच्यावर गुण देता येतात. सोंगाड्याने त्या दिवशीच्या गावातील सरपंचाला आणि पोलीस पाटलाला कोपरखळ्या मारत रंगवलेली बतावणी कशी बसणार? आणि दोन-अडीच तासांचा वग तर नाहीच नाही. परिणाम असा, की शहरातील प्रेक्षकाच्या मनात तमाशा आणि लावणी हे समानार्थी शब्द होऊन बसले आहेत.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचे उदाहरण घ्या. १९५७ आणि १९९० मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेली ही कलावती २००२ मध्ये गेली. राज्य सरकार त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देते. खेळ चालू असताना कनातीमागे बाळंत होऊन त्या पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही हकिकत शहरातही अनेकांनी ऐकलेली असते आणि ती सांगताना आवाज हटकून कातर होतो. पण त्यांनी वगात कोणत्या भूमिका केल्या, संवाद कसा टाकला, प्रेक्षक ताब्यात कसा ठेवला, हे विचारले तर आपल्याकडे उत्तर नाही. मुंबई दूरदर्शन आणि विठाबाई तब्बल तीस वर्षे एकाच महाराष्ट्रात होत्या. तरीही त्यांचा गणापासून वगाच्या शेवटापर्यंतचा पूर्ण खेळ आजच्या जिज्ञासूच्या हाती सहजासहजी लागत नाही. आपण किस्सा जपला, कला जपली नाही. ‘गाढवाचं लग्न’ गाजवणारे दादू इंदुरीकर यांना संगीत नाटक अकादमीचा सन्मान मिळाला. त्यांचा सावळ्या कुंभार मात्र नव्या पिढीला ऐकीव माहितीतूनच ठाऊक, आणि त्यांनी पाहिलेला असतो तो २००७ चा चित्रपट.

वग मागे पडण्याला दूरचित्रवाणीखेरीज दुसरेही एक कारण आहे, ते कायद्याचे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिवर्धकाला बंदी आहे आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती ठामपणे उचलून धरली. वर्षातून मोजके पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. पण हे दिवस सणावारांना धरून ठरतात आणि गावच्या यात्रा तर प्रत्येकी वेगळ्या तिथीला. नियमाचा हेतू योग्यच आहे, आजारी माणसांची आणि परीक्षार्थींची झोप मोलाची आहे. परंतु पहाटेपर्यंत चालणाऱ्या खेळाची रचनाच अशी की वग शेवटी येतो. वेळ कापली की कापला जातो तो वगच. मग फडमालक रंगबाजी वाढवतो, चित्रपटगीतांवर नाच बसवतो, हलगी-तुणतुण्याच्या जोडीला की-बोर्ड आणि ऑक्टोपॅड आणतो. तरुण प्रेक्षक त्यालाच टाळ्या देतो. वग लिहिणारा आणि तो बसवणारा हळूहळू निरुपयोगी ठरतो.

यात्रा कमिट्यांपुढे पर्यायही वाढले आहेत. जुन्नर-आंबेगावच्या गावांत ‘ऑर्केस्ट्रा’ या शब्दाचा अर्थ अल्बर्ट हॉलमधल्यासारखा नाही. हिंदी-मराठी चित्रपटगीते गाणारा संच, दोन निवेदक आणि नाचणाऱ्या मुली म्हणजे ऑर्केस्ट्रा. तो तमाशापेक्षा लहान, आणायला सोपा, रात्री दहाच्या आत संपणारा. घोडेगाव-मंचरकडच्या गावात कमिटीची बैठक बसली की वयस्कर मंडळी तमाशा मागतात, पोरे ऑर्केस्ट्रा किंवा डीजे मागतात, आणि लोकवर्गणी गोळा करणारी पोरेच असल्याने त्यांचे म्हणणे चालते.

याच यात्रांतील दुसऱ्या घटकाचे, बैलगाडा शर्यतींचे, नशीब पाहण्यासारखे आहे. या भागात दिवसा घाटात गाडे पळतात आणि रात्री तमाशा होतो. ही जोडी जुनी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०१४ च्या निकालाने शर्यती थांबल्या. डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. मधल्या वर्षांत या प्रश्नावर मोर्चे निघाले, रस्ते अडले, निवडणुकांत आश्वासने दिली गेली. आज मोठ्या घाटांवरील शर्यतींचे थेट प्रक्षेपण यूट्यूबवर होते, त्याला निवेदक असतात, बैलांना नावानिशी ओळखणारे प्रेक्षक असतात. दिवसाच्या यात्रेला कॅमेरा मिळाला. रात्रीच्या यात्रेसाठी कोणी रस्ता अडवला नाही. येथील खासदार अमोल कोल्हे हे मूळचे नारायणगावचे आणि दूरचित्रवाणी मालिकांतूनच घरोघर पोहोचलेले. छोट्या पडद्याचे बळ काय असते, हे या मतदारसंघाला कोणी वेगळे सांगायला नको.

कॅमेऱ्याअभावी काय गमावले, याचा रोकडा हिशेब २०२० मध्ये झाला. २५ मार्च २०२० ही गुढीपाडव्याची तारीख होती आणि देशव्यापी टाळेबंदीचा तोच पहिला दिवस होता. राहुट्यांतील वह्या कोऱ्या राहिल्या. पुढच्या वर्षी पाडवा आला १३ एप्रिलला, आणि दुसऱ्याच रात्री राज्यात पुन्हा कडक निर्बंध लागू झाले. लागोपाठ दोन उन्हाळे बुडाले. उचल घेतलेले कलावंत मजुरीला गेले, गाड्या आणि ध्वनियंत्रणा विकायची पाळी फडमालकांवर आली. त्याच २०२० च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये काय झाले? अल्बर्ट हॉल रिकामा होता. बीबीसीने आठवडेच्या आठवडे जुनी ध्वनिमुद्रणे ऐकवली आणि ऑगस्टच्या अखेरीस रिकाम्या सभागृहात वादकांना अंतरा-अंतरावर बसवून थेट मैफली प्रसारित केल्या. हंगाम लंगडला, पण खंडित झाला नाही. त्यांच्यापाशी साठा होता, आपल्यापाशी नव्हता.

मग नारायणगावच्या हंगामाचे यजमानपद कोणी घ्यावे? खासगी वाहिन्यांकडून अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. त्यांचा धंदा वेगळा आहे आणि तो त्यांनी करावा. हे काम सह्याद्री वाहिनीचे, म्हणजे प्रसारभारतीचे आहे. राज्याच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाने त्यात भर घालावी. यात कसलेही भव्य आयोजन अभिप्रेत नाही, किंबहुना ते नकोच. पुण्या-मुंबईच्या वातानुकूलित सभागृहात फड बोलावून ‘लोककला महोत्सव’ भरवला की तमाशाचा अर्धा जीव जातो. कॅमेऱ्यानेच यात्रेत जायला हवे. सुपाऱ्या पाडव्याच्या आसपास ठरत असल्याने कोणता फड कोणत्या तिथीला कोणत्या गावी, याचा तक्ता आधीच तयार असतो. प्रॉम्सच्या व्यवस्थापकांना वर्षभर खपून जे वेळापत्रक करावे लागते, ते येथे राहुट्यांतील वह्यांत आयते लिहिलेले असते. त्यातून वीस-पंचवीस रात्री निवडाव्यात, पूर्ण वगाची अट घालावी, फडाला सुपारीशिवाय वेगळे मानधन द्यावे आणि ते हंगामाच्या आरंभी द्यावे. हा शेवटचा मुद्दा कळीचा आहे. दसऱ्याला हाती आलेली रक्कम सावकाराची उचल कमी करते. वैशाखात आलेली तेवढीच रक्कम व्याजात जाते.

यावर काही आक्षेप आहेत आणि ते फडाच्या आतलेच आहेत. पहिला असा की, वग एकदा पडद्यावर दिसला तर पैसे मोजून फड कोण आणेल? याचे उत्तर अल्बर्ट हॉलने दिले आहे, असे म्हणणे सोपे आहे, परंतु पुरेसे नाही. सुपारीवर जगणाऱ्याला ऐंशी वर्षांचा अनुभव सांगून भागत नाही. म्हणून चालू हंगामातील मुद्रण पुढच्या पावसाळ्यात दाखवावे, जेव्हा फड घरी बसलेले असतात. दुसरा आक्षेप हक्कांचा. भारतीय कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने सादरकर्त्यांचा हक्क मान्य झाला आणि २०१२ मध्ये स्वामित्वधनाच्या तरतुदी बळकट झाल्या. सोंगाड्याने ऐनवेळी रचलेली बतावणी कोणाची, फडमालकाची की त्याची, याचे उत्तर करारात लिहावे लागेल. मोबाइलवर चोरून चित्रित झालेल्या तुकड्यांतून आज कोणालाच काही मिळत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड आहे. कॅमेरा केवळ कला दाखवत नाही, चेहराही दाखवतो. फडातील बहुतेक कलावंत ज्या समाजांतून येतात त्यांच्या वाट्याला कलेबरोबर बोलही आले आहेत. मुलांच्या शाळेत, भाड्याचे घर शोधताना, लग्न जमवताना तमाशाचे नाव आडवे येते. चोरून टिपलेल्या नाचाखाली येणाऱ्या शेऱ्यांचा अनुभव ताजा असताना ‘आम्ही तुमची कला जपायला आलो आहोत’ यावर एखाद्या नर्तकीने विश्वास का ठेवावा? तिची संमती वेगळी घ्यावी लागेल, फडमालकाची सही पुरणार नाही. कॅमेरा कुठे लावला आहे आणि तो काय टिपतो आहे, हे तिला आधी दिसले पाहिजे. तिचे नाव तिला हवे असेल तर ठळक यावे आणि नको असेल तर येऊ नये. हे सारे पाळले तर काही रात्री मुद्रणाविना जातील. त्या जाऊ द्याव्यात.

यंदाही राहुट्यांत वह्या उघडल्या की ज्या तिथीला सर्वाधिक मागणी त्या पानावर गर्दी होईल आणि आडवारीची पाने मोकळी राहतील. मोठ्या फडाला आडवारी यात्रेचे गाव मिळाले नाही तर तो रस्त्याकडेला कुठेतरी मुक्काम टाकून बसलेला असतो. माणसे, ढोलकी, कपडे, दिवे, सारे तयार, फक्त प्रेक्षक नसतात. मुद्रणाचा आरंभ तेथून करता येईल. जवळच्या गावाला फुकट खेळाचे आमंत्रण द्यायचे, संध्याकाळी सहाला पहिली थाप आणि दहाच्या ठोक्याला वग पूर्ण.